खरं

आमच्याकडं 'पण' म्हणत नाहीत.
खानापूर ओलांडून जांबोटीच्या अंगाला लागलं की
'खरं' म्हणतात.
येतो म्हणाला खरं आला नाही.
भात झकास होतं खरं डुकरांनी नासलं.
पोर राहिलं होतं खरं सातव्यात सूज चढली.

संशोधनाचं संमतीपत्र आलं, पाच पानी.
कन्नडातलं वाचायला सोपं, तिथं
'निज' वेगळं, 'आदरे' वेगळं.
मराठीतलं मी केलं.
त्याचं कुणी परत इंग्रजी केलं, तपासायला,
आणि समासात लाल शाईनं विचारलं:
इथे 'खरं' कशाला? काय खरं?
मी खोडून 'पण' लिहिलं.
गावात वाचून दाखवताना मात्र
तोंडातून 'खरं'च आलं.

नीलू सातेरी गुरव. वय तेवीस.
गर्भारपण तिसरं, जितं मूल शून्य.
नाव पहिल्या पानावर राहतं,
पुढं सगळीकडं आकडा: चारशे सतरा.
दंडाला पट्टा गुंडाळला की ती श्वास धरायची.
सोड गं, मी म्हणायची, रक्तदाब चुकतो.

तिला सांगितलं:
निम्म्या बायकांना औषधाची गोळी,
निम्म्यांना तसलीच, आत काही नसलेली.
कुणाला कुठली, मला माहीत नाही,
डॉक्टरीणबाईंना नाही.
कम्प्युटरनं चिठ्ठ्या टाकल्यात.

"म्हणजे देवाला कौल लावतात तसं?"
तसंच. फक्त देव नाही त्यात.
"मग कौल देणार कोण?"
तुम्ही सगळ्या मिळून, मी म्हटलं.
नवरा कौलांच्या कारखान्यात भट्टीवर,
तो दारातूनच हसला.
अंगठा नको, सही करते, म्हणाली ती,
आणि सावकाश, मोडी वळणाचा वाटावा असा
'नी' काढला.

बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री एक.
महिन्याला मी उरलेल्या गोळ्या मोजायची.
कुणाच्या चार उरत, कुणाच्या अकरा,
एकीनं सासूला दिल्या होत्या, गुडघ्यांसाठी.
नीलूच्या कधीच उरल्या नाहीत.
रिकामी पाकिटं तांदळाच्या डब्यात जपून,
त्यांना तांदळाची भुकटी लागलेली.

वरल्या आळीची रुक्मी, चारशे एकवीस,
तीही नेमानं घ्यायची.
चौतिसाव्या आठवड्यात रात्री तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले,
मग झटका.
गाडी आली, वेळेत आली, उशीर कुणाचा नव्हता.
रुक्मी वाचली.
बाळाच्या रकान्यात मी टिक केली
आणि पेन बंद करायला विसरले,
ओढणीला डाग आहे अजून.

नीलूला मुलगी. अडीच किलो.
ताबडतोब रडली, असं लिहायला चौकोन आहे.

दोन वर्षांनी यादी उघडली.
गोळीनं गुण दिला होता,
थोडा, तरी मोजता येईल इतका.
हजारातल्या काही जणी तिच्यामुळं वाचल्या;
कुठल्या, ते कुणालाच
बोट ठेवून दाखवता येत नाही.
चारशे सतरासमोर लिहिलं होतं: रिकामी.
चारशे एकवीससमोर: औषध.

सांगायला गेले.
पोरगी कौलाच्या तुकड्यानं उंबऱ्यावर रेघा ओढत होती.
"तुझी गोळी खरी नव्हती, नीलू."
तिनं सुपातून मान वर केली.
"नसंल.
खरं मी रोज घेतली."

मग थोड्या वेळानं:
"आणि रुक्मीची?"

दुसरीचं सांगायचं नसतं, मी म्हटलं, नियम आहे.

"खरं," ती म्हणाली,
आणि वाक्य तिथंच ठेवून
तांदूळ निवडायला लागली.