दोन बरण्या

क्लाइपेदाच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीला मीठ चढलेल्या खोलीत
मी टेबलावर दोन बरण्या ठेवते.
एकीत पंच्याऐंशी मधाच्या रंगाचे मणी, पंधरा काळपट.
दुसरीत उलट.
प्लास्टिकचेही चालले असते,
पण इथे तृणमणी स्वस्त पडतात.
वादळानंतर पोरं वाळूतून वेचून आणतात
पाइनच्या जंगलांची गोठलेली राळ.

पडदा ओढते. एका बरणीत हात घालते.
“कुठल्या बरणीतून काढतेय ते सांगा.
हवे तेवढे मणी मागा. घाई नाही.”

आल्गिमांतसने चोवीस वर्षं क्रेन चालवली.
एकतीस मीटरवरून त्याला
कंटेनरवरचे नंबर वाचता यायचे,
आणि खाली उभ्या माणसांच्या टोप्यांवरून
कोण कोणाशी बोलत नाही, हेही.

पहिला मणी. मध.
“डावी,” तो म्हणतो.
अजून एखादा बघू या?
“कशाला? तुम्हाला ठाऊकच आहे की.”

शितावरून भाताची परीक्षा म्हणावी,
तर भात शिजल्याचं त्याला आधीच माहीत असतं.
शीत नुसतं सहीपुरतं.

त्याची वही माझ्या खणात आहे.
*पांढरी व्हॅन. मंगळवार, सात दहा. मासळीबाजार.*
*पांढरी व्हॅन. शनिवार. ड्रायव्हरने नाक खाजवलं.*
अशी एकशे बारा पानं, अक्षर सुरेख.
मी एकदा विचारलं होतं,
व्हॅन न आलेल्या सकाळी कुठे लिहिल्यात?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं एखाद्या पोराकडे पाहावं
ज्याने विचारलंय,
न पडलेला बर्फ कुठे साठवतात.

कावळा बसला आणि फांदी तुटली.
एकदा झालं तर माणूस हसतो.
दुसऱ्यांदा कावळ्याचा चेहरा लक्षात ठेवतो.
त्यानंतर झाडाकडे
कुणी बघतच नाही.

मी रकान्यात लिहिते: निष्कर्षाची घाई, तीव्र.

गेल्या महिन्यात रोमुआल्दस दोनदा उशिरा घरी आला.
दोनदा.
दुसऱ्या रात्री ताटं विसळताना
मी त्या बाईचे केससुद्धा ठरवून टाकले, आखूड, लालसर.
बाकीच्या अठ्ठावीस रात्री
त्याने माझ्यासमोर बसून बीटचं सूप प्यायलं असणार.
मला त्यातली एकही आठवत नाही.
मी वही ठेवत नाही, एवढंच.

फरक आहे. तो पुसून टाकायचा नाही मला.
खरं कळलं तेव्हा (शिफ्ट बदलली होती, सांगायला विसरला)
मला लाज वाटली, आणि लाजेने मी मोकळी झाले.
आल्गिमांतसला लाज परवडत नाही.
व्हॅन जर नुसतीच व्हॅन असेल
तर बायको गेली ती कशामुळे,
क्रेनवरून त्याला उतरवलं ते कशामुळे,
आणि चार वर्षं न झोपलेल्या रात्रींचं
आता काय करायचं?
ती पांढरी व्हॅन त्याचं सगळं सामान वाहते.

आज त्याने काढलेला मणी हातातून मागून घेतला.
खिडकीशी नेला. आत एक डास होता,
एक पाय लांब केलेला.
“याला वाटलं असेल, जरासं चिकटलंय, निघेल.”
बराच वेळ फिरवत राहिला.
मग म्हणाला,
“त्या दिवशी जे उडून गेले
ते कुठल्या बरणीत असतात, डॉक्टर?”

बाहेर फेरीबोटीचा भोंगा झाला. तो दचकला,
खिडकीपासून दूर सरकला,
आणि मला वाटलं, संपलं.

तो खुर्चीत बसला.
“अजून एक काढा,” म्हणाला.

बोटांना मणी लागले, कोमट, जवळजवळ वजन नसलेले.
माझ्या मनात लगेच एक वाक्य तयार झालं,
त्याच्या घरी कळवण्याजोगं.
ते मी तिथेच थांबवलं.
एकच तर मणी होता.