तिसरा रकाना

मंगळवार, गुरुवार सीपीआर.
डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर
बाकाच्या कडेला मी, मांडीवर फिल्डवर्कची वही.
तीन रकाने आखलेले:
त्या काय म्हणाल्या. मी काय म्हणाले.
मला काय वाटलं.

अक्काताई मगदूम, हुपरीच्या.
तीस वर्षं पैंजणांच्या कड्या जोडून
बोटांची टोकं काळी पडलेली.
मालक आत, मशीनला जोडलेले.
मी विचारलं, घरात कमावतं कोण?
त्या म्हणाल्या, जेवलीस काय गं?

एवढं पहिल्या रकान्यात लिहिलं.
दुसरा रिकामा.

वर्गात शिकवलं होतं:
ऐकताना किंचित पुढं झुकावं,
सल्ला देऊ नये,
कुणाच्या डब्यातलं घेऊ नये.
मी झुकले.
त्यांनी भाकरी मोडली, वर खर्डा ठेवला
आणि हात तसाच धरून बसल्या.

घेतली.

पिवळ्या कार्डावर मालकांचं नाव चुकलेलं,
एक वेलांटी.
तेवढ्यासाठी तीन खिडक्या, दोन दिवस,
एका साहेबाचं ‘उद्या या’ दोनदा.
योजनेत बसलं नाव शेवटी.
तेही लिहिलं, तारखेसकट.

हेरवाडकर मॅडमनी तांबड्या शाईनं विचारलं,
तिसरा रकाना कोरा का?

बराच वेळ पेन उघडंच राहिलं.
मग लिहिलं: खर्डा तिखट होता.

मॅडमनी वाचलं.
चष्मा काढून पुसला,
सही केली.