आटण्याचा हिशोब

पलूसला बसस्टँडच्या मागं माझं दुकान.
ब्लाउज, शाळेचे गणवेश, दिवाळीत एखादी सफारी.
जिनगोंडा मगदूम पांढऱ्या कापडाचा तागा घेऊन आला,
म्हणाला, मास्तर, पट्ट्या कापून पाहिजेत.
पाऊण सेंटीमीटर रुंद, दोन्ही कडा दातेरी.
किती?
चाळीस मीटर.
एवढं कुणाला शिवायचंय?
विमानाला.

मी गळ्यातला टेप काढून ठेवला.

एकतीस वर्षं तो वाडीच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर.
सागवानात पंपाचं पोट घडवायचं,
वाळूत दाबायचं, अलगद उचलायचं,
मागं राहील त्या पोकळीत लोखंड ओतायचं.
लोखंड थंड होताना आटतं,
म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच खोटी,
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून एक टक्का मोठा.
खोट्यानं मोजलं तरच खरं माप हाती येतं.
पंप गेले कुठल्या कुठल्या विहिरींवर.
लाकूड रॅकवर, अंगावर नंबर, नंबरावर धूळ.
माझं लाकूड कधी गेटाबाहेर गेलं नाही, म्हणाला,
तक्रार नव्हती ती,
समुद्र पाहिला नाही असं कुणी सांगावं
तसं, चहा फुंकत.

त्याच्या माडीवर नऊ फुटांचे पंख, दोन तुकड्यांत,
कारण जिना वळतो.
पुष्पक. चारास एक मापाचं.
लहानपणी कवलापूरच्या धावपट्टीवर
एकदा उतरताना पाहिलेलं, तेवढंच.
फोटो एकच, डाव्या अंगाचा.
उजवं अंग त्यानं आठवून केलं.

फासळीफासळीवर कापड दोऱ्यानं टाचलेलं,
दोन गाठींतलं अंतर माझ्या काजांपेक्षा नेमकं.
त्यावर माझी पट्टी, पट्टीवर डोप.
अख्ख्या आळीला पिकल्या केळ्यांचा वास.
सुमतीवहिनींनी कुरडया शेजारच्या गच्चीवर नेल्या
आणि महिनाभर काही बोलल्या नाहीत.
सीटला मी रेक्झिनचा तुकडा दिला.
टाकीच्या झाकणाला प्रेस बटण.
पोटाखाली तेलाचा ओघळ रंगवायला
त्यानं तीन संध्याकाळी घातल्या,
काळा, तपकिरी, मग बोटानं पुसून थोडा मागं ओढलेला.
नवं दिसलं की खोटं दिसतं, म्हणाला.
(मी गणवेश शिवतो. मला हे पटायला वेळ लागला.)

जानेवारीत टेम्पोतून कवलापूर.
पट्टीच्या भेगांत गवत, गवतात शेळ्या,
पलीकडं द्राक्षांवर औषध मारणारा ट्रॅक्टर.
रिमोट पुतणीच्या हातात, प्रणोतीच्या,
तिनं दोन वर्षं फोमची विमानं आपटून आपटून
हात बसवलेला.
मी शेपूट धरून बसलो. इंजिन लागलं
आणि माझ्या सदऱ्याच्या बाह्या मागं पळाल्या.
सोडा, म्हणाली.

सोडलं.

शेळ्या बाजूला झाल्या, विमान हललं, धावलं,
मग चाकांखाली ऊन दिसलं.
वर जाता जाता आधी गाठी गेल्या,
मग माझ्या पट्ट्या, मग सीट,
मग उजवं-डावं.
उरलं ते लांबून जाणारं एक पुष्पक, अगदी पुऱ्या मापाचं.
आटण्याचा हा हिशोब कुठल्याच पट्टीवर नव्हता.
शेळ्यांवरचं पोरगं म्हणालं, आत कोण बसलंय?
जिनगोंडानं उत्तर दिलं नाही.
त्याची मान वर होती आणि एक हात,
उगाच, खिशात पेन्सिल शोधत होता.

उतरताना डावं चाक वाकलं. एवढंच.
त्यानं विमान उताणं केलं, चष्मा पुसला.
इंजिनातून खरंच तेल गळलं होतं,
ओघळ त्याच्या रंगवलेल्या ओघळापासून
दोन बोटं सरकून, वेगळ्याच वाटेनं गेलेला.
मी फडकं पुढं केलं.
कुठला पुसू? प्रणोतीनं विचारलं.
तो बराच वेळ दोन्हींकडं बघत बसला.
मग म्हणाला, चाक बघ आधी.