कळलं का?

जांबोटीच्या पुढं, जिथं बसची पाटी कन्नडात
आणि बसमधलं भांडण मराठीत,
तिथल्या शाळेत नववीला तेवीस मुलं.
फोन एकच, तोही माझा,
उजव्या कोपऱ्यात तडकलेला.

रविवारी शहापूरच्या झेरॉक्सवाल्याकडून
तेवीस चौकोन छापून आणले,
काळेपांढरे, वाळवी लागलेल्या पाटासारखे.
"बाई, हे रांगोळीचं काय की?" तो म्हणाला.
"उजळणीचं," मी म्हटलं.
त्यानं दोन रुपये कमी घेतले.

सोमवारी वाटले.
चार बाजू, चार उत्तरं, कडेला बारीक अ ब क ड.
जे वाटतंय ती बाजू वर धरायची.
मग फोन वर्गावरून फिरणार,
कुणाचं काय ते त्याला कळणार.
"शेजाऱ्याला दिसतंय?"
"नाही."
"तुम्हाला?"
"मला दिसेल."
भरमा जरा थांबला.
"मग झालं की ओ."

पंधरा वर्षं मी फळ्याकडून वळते, विचारते,
कळलं का?
पंधरा वर्षं वर्ग एका सुरात: होऽ
त्या होऽच्या जिवावर मी धडे संपवलेत,
वहीत तारखा टाकल्यात,
आणि पान उलटलंय.

पहिला प्रश्न:
आपल्या ओढ्याचं पाणी शेवटी कुठं जातं?
अरबी समुद्र. बंगालचा उपसागर. धरण.
ड म्हणजे माहीत नाही.
परवाच शिकवलेलं, निळ्या खडूनं, नकाशा काढून.
तेवीस चेहऱ्यांपुढं तेवीस चौकोन उठले.
एरवी बाकाखाली पेन शोधणारी डोकी
कागदाआड का होईना, ताठ.

फोन फिरवला.
हिरवे ठिपके सहा.
उजेड कमी असेल, म्हणून खिडकी उघडायला लावली.
पुन्हा फिरवला.
सहाच.

सगळ्यांच्या आधी होऽ म्हणणारा रवळनाथ, लाल.
जूनपासून जिचा आवाज
मी हजेरीपुरता ऐकला ती रेणुका, हिरवी.
मी तिच्याकडं पाहिलं.
ती कागदाचा दुमडलेला कोपरा
नखानं सरळ करत होती.

दहा जणांना समुद्र म्हणजे गोवा,
कारण सहल तिकडंच गेली होती.
सात जणांचं धरण.
"मामा नविलतीर्थाला कामाला आहे बाई," भरमा म्हणाला,
"पाणी तिथंच असतंय की.
पुढं जाताना त्यानं काय बघितलं नाही."
चूक, म्हणायला मी तोंड उघडलं
आणि फळ्याकडं पाहिलं.
पुसट निळी रेष अजून होती,
डोंगरापासून समुद्रापर्यंत सरळ, कुठंही न अडता.
माझ्या नकाशात धरण नव्हतंच.

ड कुणीच धरला नव्हता.

तिसऱ्या प्रश्नाला फोन गोल गोल फिरत बसला.
चोर्ल्याकडून वारा सुटला की
माझं सिम गोव्यात जातं, मी इथंच राहते.
"नेट गेलं की ओ बाई!"
पण चौकोन कुणी खाली ठेवला नाही.
मग मीच बाकांमधून गेले,
वाकून, चष्मा वर करून,
एकेकाची वरची बाजू वाचत.
जो तो शेजाऱ्याच्या अंगाला तळहात आडवा धरून
फक्त मला दाखवत होता,
मुठीतला काजवा दाखवावा तसा.

घंटेला पाच मिनिटं होती.
मी निळी रेष पुसली, परत काढली.
या वेळी मधे धरण, धरणाला दारं,
दारांतून पुढं कृष्णा, मग कुठल्या कुठं पूर्वेला.
हात झटकून वळले
आणि सवयीनं तोंडातून गेलं:
कळलं का?

होऽ आलं नाही.
बराच वेळ कागदाची सळसळ.
रवळनाथनं चौकोन एकदा फिरवला,
परत फिरवला,
आणि ड वर करून
माझ्याकडं बघत राहिला.