निव्वळ वजन

सहा दिवस मी खडी मोजतो.
ट्रक काट्यावर चढतो, मी काचेआडून हात दाखवतो,
भरलेल्याचं वजन, वजा रिकाम्याचं,
उरेल ते निव्वळ. शिक्का. पुढचा.
खोर ख्वैरचा डोंगर असा पावतीपावतीने
माझ्या खिडकीखालून बंदराकडे जातो.

सातव्या दिवशी, पाचाच्या आत,
काटा ओलांडून मी सायकल बाहेर काढतो.
सायकल तिबोची. क्रशर बसवायला आला होता फ्रान्सहून,
आठ महिन्यांत वरणभात शिकला,
जाताना म्हणाला, विमानात कुठे नेऊ, तूच ठेव.
जाड टायर, वळलेली मूठ, घंटी नाही.
घंटी कशाला, म्हणाला,
हिला न्यायचं तिथे वाटेत कुणी नसतं.

त्याच्या गावाकडे म्हणे कालव्याच्या काठाने
खडीचीच वाट आहे; दिवसभर जा, मोटार दिसणार नाही.
पूर्वी घोडे त्या वाटेने होड्या ओढायचे.
दुसरी वाट रूळ उपटून नेलेल्या रेल्वेची,
स्टेशनात आता कुणी कोंबड्या पाळल्यात.
आणि पाणी संपलं की सरळ कबरस्तानात शिरायचं,
तिथे हमखास नळ असतो, फुलझाडांसाठी.
मेलेले नाही म्हणत नाहीत, तो म्हणाला,
आणि बाटली भरल्याची खूण केली.

मला मिळाली ती वाट पाइपलाइनची.
पाणी जमिनीखालून, वर बारीक खडी,
दोन्ही टोकांना साखळी, गाड्यांना बंदी.
पहिल्या वळणानंतर हमरस्त्याची घरघर
डोंगर आपल्या अंगावर घेतो.
मग फक्त टायरखालची कुरकुर,
शेजारघरी कुणी सुपात चुरमुरे पाखडावेत तशी.
हीच खडी. वीस एमएम.
काट्यावर जिला टनांनी ओळखतो
तिचा आवाज दोन वर्षं मला माहीत नव्हता.

शेळ्या आडव्या येतात. थांबतो.
मागून मोफिजुल, ब्राह्मणबारियाचा, खांद्याला रेडिओ.
आम्हा दोघांची हिंदी सारखीच लंगडी.
कुठे निघालास?
कुठेच नाही.
याचा पगार मिळतो?
नाही.
तो सायकलचं पुढचं चाक उचलून बघतो,
बाजारात शेळी जोखावी तसा,
आणि काही न बोलता खाली ठेवतो.

पुढे एक घाफ. तीन दसरे गेल्यावर
मला ओळख पटली: ही तर आपली शमी!
शस्त्रं ठेवून अज्ञातवासात जायचं झाड.
तिच्या फांदीला मी मोबाइल अडकवतो,
कंपनीचं ओळखपत्र अडकवतो,
आणि तासभर कुणीच नसतो.
वर्षभर मुकादमाला परवडलं नसतं.

शाम नावाच्या गावाशी वाट संपते.
सकाळी सातलाच शाम होते
(हा विनोद मी केला, मीच हसलो).
मशिदीच्या भिंतीला थंड पाण्याचा कूलर, वर अरबीत नाव.
झाडणाऱ्याला विचारलं. कुणी म्हातारी वारली,
तिच्या मुलींनी तिच्या नावाने ही पाणपोई घातली.
मी बाटली भरली.
तिबोला फोटो पाठवावा म्हणून हात खिशात गेला.
मोबाइल मागे, झाडावर.

परत आलो तेव्हा काटा मोकळा होता.
सायकलसकट उभा राहिलो. ऐंशी.
पहाटे जातानाही ऐंशीच होते.
काट्यात दोष नाही. तो ट्रकसाठीचा,
वीस-वीसच्या पायऱ्यांनी चढणारा.
वीस किलोच्या आत कुणी काय आणलं,
काय टाकून आलं, त्याला कळत नाही.

टायरच्या नक्षीत एक खडा अडकला होता.
किल्लीने उकरला, ढिगावर भिरकावणार होतो,
खिशात टाकला.
कंपनीच्या हिशोबात तेवढी तूट.