मंगळवार, दुसरा तास

ग्रिम्स्बीत सकाळी गोदीवरून वारा येतो,
कोटाला वास लागतो तो शुक्रवारपर्यंत जात नाही.
कोपऱ्यावरच्या दुकानातून मी दोन पेपर घेते,
एक वाचायला, एक कापायला.

कात्री, डिंकाची कांडी, अठ्ठावीस झेरॉक्स.
कडेला काळी रेघ आलीच.
यंत्राची काच कुणी पुसत नाही.
मथळा: मासळी कारखान्यातल्या २१४ नोकऱ्या जाणार.

नववी ब. फळ्यावर लिहिलं,
या वाक्यात कर्ता कोण?

रीस हात वर न करताच म्हणाला, नोकऱ्या.
बरोबर. व्याकरणाला तेवढं पुरतं.
माझी भाषा मात्र आत खुसपट काढत बसली:
आमच्याकडे वीज जाते, तोल जातो,
म्हातारं माणूस जातं,
तशी नोकरीही जाते, आपल्या पायांनी,
जणू तिलाच कंटाळा आला होता.
घालवणारा वाक्याबाहेर,
रस्त्यापलीकडे, गाडी चालू ठेवून.

म्हटलं, फिरवून लिहा. कुणी काय केलं ते येऊ द्या.
कीलीने लिहिलं, कंपनीने माणसं काढली.
मागच्या बाकावरून:
माझ्या काकाने मॅनेजरवर टोपी फेकली, जाळीची.
सगळे हसले.
पेपरात ते नव्हतं.

मी इंग्रजीची बाई, गणित माझं नव्हे,
पण आकडा हाताशी होता.
एकूण सहाशे बेचाळीस. म्हणजे किती?
दर तिघांतला एक.
रीसचं बोट आपोआप रांगेवरून फिरलं,
एक, दोन, तीन,
एक, दोन,
आणि मग त्याने ते खिशात घातलं.

तेव्हा ऑस्टेया बोलली, जी सप्टेंबरपासून
हजेरीपुरतीच बोलली होती.
मिस, आकडा चुकलाय.
माझी आई रात्री तिथली यंत्रं धुते. एजन्सीकडून.
नऊ जणी आहेत त्या.
रविवारी फोनवर मेसेज आला, येऊ नका.
त्या यात नाहीत.

छापलेल्या कागदावर मी इतकी वर्षं
मुलांच्या चुका शोधत आले.

तिने काळ्या रेघेला लागून
पेन्सिलीने लिहिलं: अधिक ९.
मग सगळ्यांनीच लिहिलं, मी सांगितलं नव्हतं.
मीही लिहिलं, माझ्या प्रतीवर, शाईने.
आता भाग जाईना.
दर तिघांतला एक म्हणता येईना.
बाकी उरत होती.

घंटा झाली. खुर्च्या सरकल्या.
कागदाची चौघडी करत रीस दारात थांबला,
मिस, हे परीक्षेला आहे का?