दगडूयेव्ना

वाशीला, सेक्टर दहात, सिडकोच्या जुन्या इमारतीत
दर बुधवारी तिसऱ्या मजल्यावर
चपलेसोबत मी 'मॅडम' बाहेर काढून ठेवते.
आत मॅडम चालत नाही.
लुदमिला अर्कादियेव्ना म्हणायचं. पूर्ण. दर वेळी.
अर्कादी त्यांचे वडील.
फाटकांची सून होऊन बेचाळीस वर्षं झाली,
अर्कादी अजून मधे उभे आहेत.

पहिल्या दिवशी 'तिं' आणि 'व्वी'.
मी म्हटलं, सोपंय. तू आणि तुम्ही.
"सोपं कसं? आईला काय म्हणतेस?"
तू.
"वडिलांना?"
तुम्ही.
"मग त्यांच्यापासून लांब होतीस, की त्यांच्याहून लहान?"
चहावर साय धरली.
त्या स्वतः सगळ्यांना तू म्हणतात.
मराठी सासूकडून शिकल्या,
आणि सासूनं जे दिलं ते सगळं तू-मधेच होतं.
बँकेतल्या मॅनेजरलाही म्हणतात, तू बस.
तो बसतो.

मला हे हवं होतं कामापुरतं.
तुर्भ्याहून गेलेला द्राक्षांचा कंटेनर
तिकडे उघडला तेव्हा
चौथ्या थराखालचा माल मऊ पडलेला.
गेन्नादी पाव्लोविचना पत्र लिहायचं होतं.
मी लिहिलं, इझ्विनीत्ये.
त्यांनी पेन्सिलीनं खोडलं.
"हे पायावर पाय पडला तर. तुझी द्राक्षं नासलीत."
वर लिहिलं, प्रस्तीत्ये.
कळलं मला.
सॉरी वेगळं, माफ करा वेगळं,
आणि नुसतं 'चुकलं' वेगळं,
ज्यात कोण ते सांगावं लागत नाही,
मान आधीच खाली गेलेली असते.

बशीत एक बिस्किट उरलं.
त्यांचा भाऊ वैमानिक होता,
शेवटचं उड्डाण कधी म्हणायचा नाही,
म्हणायचा, कडेचं.
मी सांगितलं, आम्ही जाताना येते म्हणतो,
बांगडी फुटली तर वाढवली म्हणतो.
वाढवली, वाढवली, करत
त्यांनी ते वहीत उतरवलं.
त्यांचीही वही आहे.

मग पत्राखाली सही.
संजीवनी विलास कदम.
"विलास कोण?"
नवरा.
"वडील कुठे गेले?"
गेले, म्हटलं. आठ वर्षं झाली.
"तसं नाही. नावातून कुठे गेले?"

रेशनकार्ड, पासबुक, आधार.
कधी खोडले ते आठवेना.

दगडू, मी म्हटलं. हळू.
आधीची दोन दगावली
म्हणून आजीनं ठेवलेलं नाव,
कुणाला न्यावंसं वाटू नये असं.
माथाडी होते. कांदा-बटाटा मार्केट.
पाठीवर पन्नास किलोची गोण,
आणि गाळ्यावरून शेठचा मिसरूड न फुटलेला पोरगा,
ए दगड्या, सरक की!
तो 'या' कुठल्या व्याकरणात दाखवू त्यांना?
तरी सांगितलं.
त्या बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिल्या.
"वान्का," म्हणाल्या. "आमच्यात इवानचं असं करतात."

मग कोऱ्या कागदावर, सावकाश, त्यांच्या अक्षरांत
त्यांनी माझ्या बापाला माझ्यामधे परत बसवलं,
आणि मोठ्यानं वाचलं.
संजीवनी दगडूयेव्ना.
मला हसू आलं. मग नुसतं नाक वाहायला लागलं.
"आता तुझ्यावर रागवायचं असलं तरी," त्या म्हणाल्या,
"त्या माणसाला आधी तुझ्या वडिलांचं नाव घ्यावं लागेल."

उत्तर नवव्या दिवशी आलं.
आदरणीय संजीवनी दगडूयेव्ना, स्वल्पविराम.
पुढच्या ओळीत तेरा टक्के कापून मागितले होते,
साहेब त्यावरून दुपारभर ओरडले.
मी पहिल्या ओळीवरच होते.
खिडकीखाली टेम्पो लागत होता,
आणि कुणीतरी कुणाला तरी
ए म्हणून हाक मारत होतं.